अहवालु आणि अहवाल

(बी. कॉम., चौथे सत्र)

आपल्या या नियतकालिकाचा मराठी विभाग वाचणारे आणि कन्नड विभाग वाचणारे विद्यार्थी बहुधा एकाच बाकावर बसतात. दोन्ही भाषांत नांदणारे कितीतरी शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात येतात. पण काही शब्द रूपाने सारखे असूनही अर्थाने निराळे असतात. 'अहवाल' हा असाच एक शब्द. मूळ अरबी 'हाल' या शब्दाचे हे अनेकवचन, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. कन्नडमध्ये 'अहवालु' म्हणजे गाऱ्हाणे. एखादा अधिकारी गावात आला की त्याने लोकांचे अहवालु स्वीकारले, असे कन्नड दैनिके छापतात. मराठीत मात्र अहवाल लिहिते ती कचेरी : वार्षिक अहवाल, चौकशीचा अहवाल, लेखापरीक्षणाचा अहवाल. म्हणजे एका भाषेत हा शब्द जनतेकडून सरकारकडे जातो, आणि दुसऱ्या भाषेत तोच शब्द सरकारकडून जनतेकडे परत येतो.

सरकारी खाती लोकांचे अभिप्राय कसे गोळा करतात आणि त्यांतून सेवा कशी सुधारते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचा अभ्यास करताना मला वारंवार असे वाटत गेले की, या एका शब्दाच्या दोन अर्थांतच सगळे मर्म साठवलेले आहे. वाणिज्य शाखेत आपण पहिला धडा शिकतो तो द्विनोंदी पद्धतीचा. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एकच बाजू लिहिली तर खाते जुळत नाही. अभिप्रायाचेही तसेच आहे. अहवालु आत जातो, पण त्याच्या समोर अहवाल बाहेर येत नाही, तेथे वही अपुरीच राहते.

विचारण्याची गरज का पडते?

किराणा दुकानदाराला अभिप्रायाची पेटी ठेवावी लागत नाही. माल खराब निघाला की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते आणि संध्याकाळी गल्ला मोजताना दुकानदाराला काय ते कळते. पण नळाला पाणी आले नाही म्हणून दुसऱ्या पाणीखात्याकडे कोणी जाऊ शकत नाही. जन्माचा दाखला, सातबारा, वाहनाचा परवाना यांना दुसरे दुकानच नाही. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली आपल्या ग्रंथात हा भेद मांडला आहे. असमाधानी माणसापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा बोलून दाखवणे. जेथे निघून जाता येत नाही, तेथे बोलणे हाच एक मार्ग उरतो. आणि तोही बंद झाला तर आपले काय चुकते आहे हे कळण्याचे साधनच त्या कचेरीजवळ राहत नाही.

हे बोलणे ऐकण्याच्या रीती मुख्यतः तीन आहेत. पहिली तक्रारीची, दुसरी पाहणीची आणि तिसरी जाहीर सुनावणीची. प्रत्येकीचे एक उदाहरण पाहू.

तक्रार : जो बोलतो त्याचीच नोंद

तक्रारवही आणि सूचनापेटी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. २००७ साली केंद्र सरकारने तक्रारींसाठी संगणकीय व्यवस्था सुरू केली. तीत तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो आणि ती संबंधित खात्याकडे जाते. २०२२ सालापासून तक्रार निकाली निघाल्यावर तक्रारदाराला दूरध्वनी करून 'आपले समाधान झाले का?' असे विचारले जाऊ लागले. समाधान नसेल तर अपील करण्याची सोय आहे. हा मला मोठा फरक वाटतो. कारण 'निकाली' हा शब्द पूर्वी फक्त कचेरीने लिहायचा होता. आता त्यावर गाऱ्हाणे मांडणाऱ्यालाही काही म्हणता येते.

आपल्या कर्नाटकात २०११ च्या नागरिक सेवा हमी कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. २०१२ सालच्या एप्रिलपासून 'सकाल' या नावाने ती योजना राज्यभर लागू झाली. मराठी कानाला 'सकाळ' ऐकू येते, पण कन्नडमध्ये सकाल म्हणजे योग्य वेळ. अर्ज दिला की पंधरा अंकी क्रमांकाची पोच मिळते आणि ठरलेल्या दिवसांत काम झाले नाही तर दर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये, भरपाई मागता येते. ती रक्कम दोषी अधिकाऱ्याकडून वसूल करण्याची तरतूद आहे. रक्कम लहान आहे, हे खरे. पण उशीर हा खर्च आहे आणि तो कोणाच्या तरी नावे पडला पाहिजे, हे तत्त्व तिने मान्य केले.

तथापि तक्रारीच्या रीतीत एक मूळचा दोष आहे. संख्याशास्त्राच्या तासाला आपण नमुना निवडीचा नियम शिकतो : नमुना स्वतःहून पुढे आलेल्यांचा असेल तर तो सर्वांचा प्रतिनिधी नसतो. तक्रार करतो तो लिहिता येणारा, वेळ असणारा, न घाबरणारा मनुष्य. जो हेलपाटे घालून दमला आणि घरी बसला, त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. म्हणून तक्रारी कमी आल्या याचा अर्थ सेवा चांगली आहे असा काढणे धोक्याचे असते.

पाहणी : न बोलणाऱ्याच्या दारी

हा दोष भरून काढणारे उत्तम उदाहरण आपल्याच राज्याच्या राजधानीत घडले. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे माजी संचालक सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकाराने १९९३ साली बेंगळुरूमध्ये घरोघर पाहणी झाली आणि १९९४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मध्यमवर्गीय घरांबरोबर झोपडवस्तीतील घरांनाही प्रश्न विचारले होते. वीज, पाणी, महापालिका, दूरध्वनी, इस्पितळे, नगरविकास प्राधिकरण अशा सेवांना, शाळेत मुलांना प्रगतिपुस्तक देतात तसे, नागरिकांनी गुण द्यायचे, अशी ती कल्पना.

त्यातील प्रश्न मला विशेष शिकवून गेले. 'आपण समाधानी आहात का?' एवढ्यावर न थांबता कामासाठी किती खेपा माराव्या लागल्या, कर्मचारी कसे वागले, काम झाले की नाही, पैसे द्यावे लागले का, असे विचारले होते. समाधान ही मनाची गोष्ट. ज्याची अपेक्षाच मेली आहे, तो थोडक्यातही समाधानी होतो. खेपा मात्र मोजता येतात.

पहिल्या वेळी शंभरांत दहा लोकसुद्धा समाधानी निघाले नाहीत. नगरविकास प्राधिकरणाचा क्रमांक सर्वांत खाली होता. आणि आश्चर्य असे की, या निष्कर्षांची दखल घेऊन सुधारणेसाठी सर्वप्रथम पुढे आले तेही हेच प्राधिकरण. बाकीच्या खात्यांनी फारशी हालचाल केली नाही. १९९९ साली दुसरी पाहणी झाली. त्याच सुमारास मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली एक कृतिदल नेमले. त्याच्या जाहीर सभांत खात्यांच्या प्रमुखांना लोकांसमोर उभे राहून आपण काय केले आणि पुढे काय करणार, हे सांगावे लागे. २००३ च्या तिसऱ्या पाहणीत सुमारे निम्मे लोक समाधानी आढळले.

या सुधारणेचे सारे श्रेय पाहणीला देणे बरोबर होणार नाही. त्या दशकात शहरात पैसा आला, तंत्र बदलले. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पहिल्या पाहणीनंतर अहवालु आत गेला होता, पण उत्तरादाखल बाहेर आले ते थोडेच. मोठा फरक दिसला तो खातेप्रमुखांना जाहीरपणे उत्तर द्यावे लागले त्यानंतर. आणि दुसरी गोष्ट : पाहणी एकदाच करून थांबले नाहीत. एका वर्षाच्या ताळेबंदावरून धंद्याची चाल कळत नाही. मागील वर्षाचे आकडे शेजारी लागतात.

सुनावणी : निर्णयापूर्वी विचारणे

तिसरी रीत निर्णय होण्यापूर्वीची. आपल्या जिल्ह्यात वीज पुरवणाऱ्या हुबळीच्या कंपनीला दर वाढवायचा असला तर ती आपल्या मर्जीने वाढवू शकत नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या ६४ व्या कलमाप्रमाणे तिला आपल्या अर्जाचा सारांश प्रसिद्ध करावा लागतो, आणि राज्याच्या वीज नियामक आयोगाने लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत निकाल द्यायचा असतो. आयोगाच्या आदेशात लोकांची हरकत, कंपनीचे उत्तर आणि आयोगाचे मत, अशा तिन्ही गोष्टी छापलेल्या असतात. हरकत मान्य झाली नाही तरी का झाली नाही, हे कळते. अहवालु आणि अहवाल एकाच पानावर भेटतात, असे उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

खेदाची गोष्ट इतकीच की, असे अर्ज आकड्यांनी भरलेले असतात आणि सामान्य ग्राहक त्यांना हातही लावत नाही. नफातोटा पत्रक वाचण्याचे शिक्षण घेणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी तरी ते वाचावयास काय हरकत आहे?

गाऱ्हाण्याची भाषा

आता आपल्या सीमाभागातील प्रश्नाकडे वळतो. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. कन्नड मी शेजारपाजारात आणि नंतर शाळेत शिकलो. त्यामुळे आमच्या गल्लीत कोणालाही अर्ज लिहायचा असला की मला हाक येते. गेल्या वर्षी शेजारच्या मावशींची पेन्शन अडली. एका कचेरीच्या तक्रार अर्जावर कारणांची यादी छापलेली होती आणि त्यांपैकी एकावर खूण करायची होती. मी खूण केली. मावशी म्हणाल्या, "काय लिवलास रे त्यात? तीन खेपा मारल्या ते लिवलास न्हवं?" यादीत खेपांसाठी जागा नव्हती. मी अर्जाच्या मागील कोऱ्या बाजूवर सर्व हकीकत कन्नडमध्ये लिहून दिली. पेन्शन पुढे सुरू झाली. पण त्या मागच्या बाजूचे कोणी काय केले, हे आजतागायत कळलेले नाही.

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला आपले गाऱ्हाणे केंद्राच्या अगर राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क मोलाचा आहे. परंतु ते कलम गाऱ्हाणे देण्याविषयी बोलते. उत्तर कोणत्या भाषेत यावे याविषयी त्यात शब्द नाही. येथेही वहीची एकच बाजू लिहिली गेली आहे. हा कोणा एका भाषेचा कैवार नव्हे. इंग्रजी फॉर्मपुढे बैलहोंगलचा कन्नड शेतकरी आणि खानापूरचा मराठी शेतकरी सारखेच मुके होतात. ज्याला प्रश्न कळला नाही त्याचे मत मोजले, तर तो आकडा सरकारचीच दिशाभूल करील.

आपण काय करू शकतो?

विद्यार्थी मित्रहो, एवढे सगळे सरकारला सांगताना आपल्या महाविद्यालयाकडेही पाहू. ग्रंथालयात, वसतिगृहात, उपाहारगृहात सूचनापेटी ठेवणे सोपे आहे. त्या पेटीशेजारी एक फळा ठेवावा आणि महिन्याच्या अखेरीस त्यावर दोन रकाने लिहावेत : आलेल्या सूचना आणि त्यांवर झालेली कार्यवाही. 'जमले नाही, कारण अमुक' हेही उत्तरच आहे. पेटी बंद राहण्याचे कारण पुष्कळदा मुलांचा आळस नसतो. मागच्या चिठ्ठीचे काय झाले ते कळले नाही, हे असते.

दुसरी सूचना अशी. आपल्यापैकी अनेकांना मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबर एका वॉर्डात घरोघर जाऊन, ज्याला जी भाषा येते त्या भाषेत, पाणी किती दिवसांनी येते आणि दाखल्यासाठी किती खेपा पडतात, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. उत्तरांचा तक्ता दोन्ही भाषांत करून तो संबंधित कचेरीला द्यावा, आणि पुढच्या वर्षी त्याच घरी पुन्हा जावे. बेंगळुरूची पाहणी काही वेगळ्या मातीतून उगवली नव्हती.

कचेरीने ऐकले पाहिजे, हे आपण नेहमी म्हणतो. ऐकल्याची पोच दिली पाहिजे आणि काय केले ते विचारणाऱ्याच्या भाषेत सांगितले पाहिजे, हेही तितक्याच आग्रहाने म्हणण्याची वेळ आली आहे. कन्नडचा अहवालु आणि मराठीचा अहवाल हे एकाच घरचे शब्द आहेत. सरकारच्या दप्तरातही त्यांनी एकाच पानावर, समोरासमोर बसावे.