स्पोकन इंग्लिशचा क्लास आणि हातातला मोबाइल : जाहिरातीआधी सराव

या आठवड्याच्या व्हिडिओत जळगाव-धुळ्यात स्पोकन इंग्लिशचा क्लास काढणाऱ्यांसाठी बोललो. व्हिडिओत हिशोब नीट मांडता येत नाही, म्हणून तो इथे लिहून देतोय.

आधी गिऱ्हाईक कोण ते बघा. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. म्हणजे त्यानंतर पहिलीत गेलेल्या मुलाने दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. धुळे जिल्ह्यात तर जिल्हा परिषदेच्या शाळांत लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभे राहिले. तरी तोच मुलगा डिप्लोमा करून चाकणला मुलाखतीला गेला की 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ला अडतो. त्याला वाचता येतं, लिहिता येतं, स्पेलिंगसुद्धा येतं. फक्त तोंड उघडत नाही, कारण तोंड उघडायची वेळच त्याच्यावर कधी आली नाही.

आता तुमच्या क्लासचा हिशोब. समजा बॅचमध्ये २० जण, तास एक. अर्धा तास तुम्ही बोलता (बहुतेक सर त्याहून जास्त बोलतात, असो). उरलेल्या ३० मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट. महिन्याला २५ तास झाले तर एका विद्यार्थ्याचं बोलणं साधारण ३७ मिनिटं. महिन्याची फी घेऊन आपण त्याला पाऊण तासही बोलायला देत नाही! तीन महिन्यांनी तो म्हणतो, सर, काही फरक पडला नाही. तो खोटं बोलत नसतो.

इथे व्हॉट्सअ‍ॅप कामाला येतं. रोज रात्री प्रत्येकाने एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवायचा. विषय साधा: आज दुकानात काय झालं, भरीत कसं करतात, भुसावळहून गाडी पकडताना काय घोळ झाला. महिन्याला आणखी ३० मिनिटं झाली. आणि खरा फायदा त्याहून मोठा आहे. तो एक मिनिट पाठवण्याआधी पोरगं चार वेळा रेकॉर्ड करतं, ऐकतं, लाजतं, पुसतं, परत बोलतं. ते मोजलं तर क्लासपेक्षा घरचा सराव जास्त होतो, आणि त्यासाठी तुम्हाला जागेचं जादा भाडं लागत नाही.

पण मेसेज ग्रुपवर मागवू नका. तुमच्या नंबरवर, खाजगीत. 'आय डिडन्ट वेंट' म्हटल्यावर चाळीस जणांसमोर दुरुस्ती केली की तो विद्यार्थी दुसऱ्या दिवशीपासून गप्प. आपल्याकडे चूक होण्यापेक्षा हसं होण्याची भीती मोठी आहे, आणि क्लास सोडून जाणारे बरेचसे तिथेच सुटतात.

मग तुमच्या वेळेचं काय? २० मेसेज ऐकायचे, प्रत्येकाला उत्तर द्यायचं म्हणजे रोजची चाळीस मिनिटं. दोन बॅच झाल्या की हे जमत नाही आणि मग सर उत्तरच देत नाहीत, हा त्याहून वाईट प्रकार. त्यापेक्षा रोज फक्त पाच जणांना सविस्तर उत्तर द्या, पाळीपाळीने. बाकीच्यांचे ऐका आणि सगळ्यांत सारख्या येणाऱ्या दोन चुका वहीत टिपा. दुसऱ्या दिवशी त्या दोन चुका, कुणाचं नाव न घेता, पहिली दहा मिनिटं. तुमचा अभ्यासक्रम आपोआप तयार होतो, आणि तो पुण्याच्या कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

याच दोन चुका तुमच्या छोट्या व्हिडिओचा विषय. तीस सेकंद, एक वाक्य, बस. आपल्या भागाचा एक फायदा सांगतो. अहिराणी बोलणारा 'मी जाई ऱ्हायनू' म्हणतो, म्हणजे 'आय अ‍ॅम गोइंग'ची मांडणी त्याच्या तोंडात आधीच आहे. मराठीतून समजवायला पाच मिनिटं लागतात, अहिराणीतून पाच सेकंद. 'खान्देश का दादा'सारख्या विनोदी व्हिडिओंना कोट्यवधी लोक बघतात. आपल्या बोलीची लाज बाळगायचे दिवस गेले. पण हसवण्याच्या नादात शिकवणं विसरू नका बरं का.

यूट्यूबच्या कमाईवर मात्र डोळा ठेवू नका. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४००० तास पाहिलं जाणं लागतं (किंवा शॉर्ट्सला ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज). इंग्रजीच्या व्हिडिओत तुमची स्पर्धा दिल्ली-पाटण्याच्या मोठ्या चॅनेलशी आहे. तुमचा धंदा चौकातला आहे. चोपड्याचा माणूस रोज जळगावला येणार नाही. व्हिडिओ त्याने बघून उपयोग नाही, तुमच्या कॉलनीतल्या शंभर जणांनी बघितला तर आहे. म्हणून व्हिडिओत पत्ता, बॅचची वेळ आणि गुगल मॅपवर दुकानासारखी क्लासची नोंद, ती फुकट आहे, आधी करा.

ब्लॉग कशाला, असं पुष्कळजण म्हणतील. याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे, पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक काढलं. रोज नवं काहीतरी वाचायला मिळणार म्हटल्यावर मुलं वाट बघतात, एवढं साधं. आज ते फुकटच्या ब्लॉगवर होतं. आठवड्यातून एका विद्यार्थ्याने इंग्रजीत दीडशे शब्द लिहायचे, त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीवर. रावेरचा मुलगा केळीच्या कापणीवर लिहील, सराफाकडे काम करणारा तोळा आणि ग्रॅमवर. वहीतला निबंध फक्त सर वाचतात; इथे मामा वाचतो, मैत्रीण वाचते. मग स्पेलिंग तो स्वतःच दोनदा तपासतो.

यात एक सांभाळायचं. अठरा वर्षांखालच्या मुलांचे फोटो, आवाज, लेख टाकायचे तर आई-वडिलांची लेखी परवानगी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. आणि '३० दिवसांत फाडफाड इंग्रजी, गॅरंटी' हा बोर्ड उतरवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या फसव्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासला त्या लागू आहेत, आणि यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायलाही त्याची लेखी संमती लागते. तुमचे वीसच विद्यार्थी असले तरी ग्राहक संरक्षण कायदा आहेच.

गॅरंटीऐवजी हे दाखवा: पहिल्या दिवशीचा व्हॉइस मेसेज आणि साठाव्या दिवशीचा, एकाच विद्यार्थ्याचे, त्याच्या परवानगीने, पाठोपाठ. फी विचारायला आलेल्या पालकाला तेवढे दोन मिनिटं ऐकवा. साठ दिवसांत फरक ऐकू येत नसेल, तर जाहिरातीवर खर्च करायच्या आधी शिकवण्याची पद्धत बदला.

पुढच्या व्हिडिओत या क्लासची फी किती ठेवायची आणि उद्यम नोंदणी कशी करायची ते बघू. तोपर्यंत स्वतःचा एक मिनिटाचा मेसेज इंग्रजीत रेकॉर्ड करून ऐका. हो, सरांनी पण.