रविवारचं मटण: दर आठवड्याला परवडतं का?

रविवारी सकाळी सात वाजता निपाणीतल्या कुठल्याही मटणाच्या दुकानासमोर जाऊन उभं राहा. हातात स्टीलचे डबे घेतलेली माणसं, कुणाच्या पायाशी लुडबुडणारं पोर, आणि आतून एकच प्रश्न: "वैनी, मिक्स देऊ का मांडी घालू?" बेळगावातही हेच चित्र. दुकानावरची पाटी कन्नडमध्ये असली तरी रांगेतली बोली तीच, आणि दुपारी घरोघरी शिजणारा तांबडा-पांढरा रस्साही तोच.

आमच्या घरी आम्ही पाच जण. रविवारचा खर्च मी वहीत वेगळा मांडायला लागले, कारण महिनाअखेरीला किराण्याचे पैसे कुठं जातात ते कळेना. त्या वहीवरूनच हे लिहिते आहे. दर गावागणिक आणि आठवड्यागणिक बदलतात, म्हणून इथले आकडे हिशेबासाठी धरलेले समजा आणि त्या जागी तुमच्या दुकानातले घाला. गणित तेच राहील.

मटणाचा दर किलोला 800 रुपये धरू. 2019 च्या अखेरीस कोल्हापुरात दर सहाशेच्या घरात गेला तेव्हा कसबा बावड्याच्या लोकांनी आंदोलन उभं केलं होतं, हे आठवलं म्हणजे किती फरक पडला ते कळतं. पण पातेल्याचा खर्च मटणावर थांबत नाही. एक नारळ आणि वाटीभर सुकं खोबरं, 70 रुपये. कांदे, आलं, लसूण, कोथिंबीर, लिंबू मिळून 50. खसखस, तीळ, चार काजू आणि खडा मसाला 40, त्यातली खसखस एकटीच निम्मे पैसे खाते. तेल 20. जोंधळ्याचं पीठ दहा-बारा भाकऱ्यांपुरतं 40, तांदूळ अर्धा किलो 35, दही-कांदा 20. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली चटणी आपल्याला फुकट वाटते, कारण तिचे पैसे एप्रिलमध्येच गेलेले असतात. पण संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, खोबरं, लसूण आणि कुटणावळ धरली, तर एका मटणाला लागणारी पन्नासेक ग्रॅम चटणी 30 रुपयांची होते. गॅसचंही तसंच. 14.2 किलोची टाकी 900 रुपयांना धरली तर किलोला 63 रुपये पडतात. आळणी, सुकं, दोन रस्से, भात, भाकऱ्या एवढ्याला तिसऱ्या हिश्शाहून जास्त किलो गॅस लागतो, म्हणजे 25 रुपये.

सगळं मिळून 1,130 रुपये, माणशी 226.

हे वर्षाला किती? 52 ने गुणायची घाई करू नका. श्रावणाचे चार-पाच रविवार गेले. गणपतीचे एक-दोन, नवरात्राचा एक गेला. वर्षात 24 एकादश्या आणि 12 संकष्ट्या, त्यांतल्या पाचेक हमखास रविवारी येतात. आखाडात आपण थोडी भरपाई करतो, तरी वर्षाला 40 रविवार हा खरा आकडा. 1,130 गुणिले 40 म्हणजे 45,200 रुपये. एका मुलाची वर्षाची शाळेची फी बऱ्याच घरांत यातून निघेल. मी हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा पुन्हा बेरीज करून पाहिली होती.

मग बंद करायचं? माझं मत स्पष्ट आहे: रविवारचं जेवण दर आठवड्याला व्हावं, किलोभर मटण मात्र दर आठवड्याला नको.

जेवण का हवं, ते आधी सांगते. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या दिवशी कुणी कारखान्यावर, कुणी बेळगावला कॉलेजात, कुणी पुण्याहून फक्त शनिवारी रात्री घरी येणारा. सगळे एका पंगतीला बसतात ते रविवारीच. शिवाय या स्वयंपाकाची बांधणीच काटकसरीची आहे. हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण झाकणावर पाणी ठेवून शिजवायचं, की एकाच आळणी पाण्यातून चार पदार्थ निघतात. म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना वाटीभर आळणी, नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा, भाजक्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा तांबडा, आणि सुकं. घरात अचानक दोन पाहुणे आले तर रस्सा वाढतो, मटण तेवढंच राहतं. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांना थोड्या मटणात मोठं घर जेवू घालायचं होतं. आपण मात्र पद्धत तीच ठेवली आणि मटण वाढवत नेलं.

म्हणून पहिली गोष्ट करून पाहा ती ही: पाच माणसांना 700 ग्रॅम घ्या, एक किलो नको. मांडीचा हट्ट सोडा आणि मिक्स मागा. खांदा, छाती, चाप आणि दोन नळ्या जास्त. रस्स्याला चव हाडांतून येते, नुसत्या मांडीचा रस्सा पाणचट होतो. याने 240 रुपये वाचतात, जेवण 890 मध्ये बसतं. आमच्या घरी पहिल्या रविवारी सासूबाईंच्या लक्षात आलं, त्यांनी पातेल्यात डाव फिरवून पाहिला. दुसऱ्या रविवारी कुणाच्याच आलं नाही.

दुसरी गोष्ट, महिन्यातले निम्मे रविवार मटणाचे ठेवा. उरलेल्यांत कोंबडी आणि अंडी आणा. कोंबडी किलोला 260 धरली, तर तेच वाटण, त्याच भाकऱ्या, पण खर्च 590. दहा अंड्यांचा रस्सा 350 च्या आत होतो, आणि ताजं वाटण असेल तर मुलं भाकरी कुस्करून खातात. वर्षाच्या 40 रविवारांपैकी 20 मटणाचे (700 ग्रॅमचे), 14 कोंबडीचे, 6 अंड्यांचे धरले तर बेरीज 28,160 होते. आधीच्या 45,200 पेक्षा 17,040 रुपये कमी, आणि पंगत एकाही रविवारी चुकत नाही.

आणखी एक गळती आहे ती उरलेल्या अन्नाची. इंग्रजांच्या घरी रविवारी मोठा मांसाचा तुकडा भाजायची रीत आहे, आणि उरलेलं सोमवारी थंडच कापून खातात. त्यांचा हिशेब दोन दिवसांचा असतो. आपल्याकडे रविवारी रात्री पातेलं संपलंच पाहिजे, कारण सोमवारी ते स्वयंपाकघरात चालत नाही. मग रात्री दहाला पोट भरलेलं असताना आग्रहानं वाढलं जातं, नाहीतर सकाळी कुत्र्याला जातं. जास्त आणलेलं 300 ग्रॅम बहुतेक असंच संपतं. फ्रीज असेल तर मसाला घालण्याआधीच वाटीभर आळणी पाणी आणि चार तुकडे बंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुधवारी पुलाव होतो. शिजलेलं मटण दोन तासांपेक्षा जास्त वेळ ओट्यावर राहू देऊ नका, उन्हाळ्यात तर नकोच, आणि पुन्हा गरम करताना खळखळून उकळी येऊ द्या.

आता दुकानात काय पाहायचं ते. एकदा घरी आणलेलं किलोभर मटण मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, ते 930 ग्रॅम भरलं. दुकानाचं नाव इथं लिहिणार नाही, पण तेव्हापासून मी आधी काट्याकडे बघते. पारडं रिकामं असताना आकडा शून्य हवा. डबा किंवा जाड कागद ठेवला असेल तर तो ठेवल्यावर पुन्हा शून्य करायला सांगा. 800 च्या दरात 50 ग्रॅम कमी म्हणजे 40 रुपये, आणि 40 रविवारांचे 1,600. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दर वर्षी तपासणी होऊन शिक्का लागतो, तो चालू वर्षाचा आहे का ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दुकानात अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक लावलेला असावा. तक्रार करायची वेळ आलीच तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे, तिथं मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं.

बोकडाचं आहे की मेंढ्याचं, हे आधीच विचारा. दोन्ही चांगलं, पण दर आणि शिजायचा वेळ वेगळा. शेपूट ठेवून टांगलेलं असेल तर शंकेला जागा राहत नाही. कोवळ्या मटणाचा रंग गुलाबीसर लाल आणि चरबी पांढरी असते. गडद तांबडं मांस आणि पिवळी चरबी म्हणजे जून जनावर, ते दीड तास गॅस खाईल. चरबी किती, हाड किती, हे तोडायच्या आधी बोला, वजन झाल्यावर नको. सणाच्या आदल्या दिवशी आणि आखाडाच्या शेवटच्या रविवारी दर वाढलेला असतो, तेव्हा कोंबडीचा रविवार घ्या.

हॉटेलात जाणं स्वस्त पडेल का, असं पुष्कळ जण विचारतात. ताट 350 ला धरलं तर पाच जणांचे 1,750. निपाणीहून कोल्हापूर गाठायचं म्हटलं तर जाऊन-येऊन 80 किलोमीटर, गाडीला पाचेक लिटर पेट्रोल म्हणजे 500 च्या वर, शिवाय कोगनोळीचा टोल. वर्षातून दोनदा हौस म्हणून ठीक आहे. पण या हिशेबात मला सापडलेली गोष्ट वेगळीच होती. गावातल्याच हॉटेलातलं जेवण 1,750 आणि घरचं 1,130. मधले 620 रुपये कुणाचे? मटण निवडणं, वाटण भाजणं, भाकऱ्या थापणं, वाढणं आणि शेवटी ती तेलकट भांडी, मिळून पाच तास. ताशी 124 रुपयांचं काम घरातली बाई दर रविवारी करते आणि ते कुठल्याच वहीत चढत नाही.

रविवारची सुट्टी अशीच आलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती वर्षानुवर्षं मागितली, रविवार हा खंडोबाचा वार आहे हेही सांगून पाहिलं, आणि 1890 मध्ये ती मिळाली. निपाणीत सहा दिवस विड्या वळणाऱ्या किंवा तंबाखूच्या वखारीत खपणाऱ्या बाईला सातव्या दिवशी पाट्यावर, नाहीतर मिक्सरपाशी उभं राहावं लागत असेल, तर ती सुट्टी तिच्यापर्यंत पोचलेली नाही. म्हणून खर्चाच्या यादीत कामाची वाटणीही धरा. वाटण शनिवारी रात्रीच भाजून-वाटून फ्रीजमध्ये ठेवता येतं. लसूण सोलायला मुलं बसू शकतात. मटण आणणाऱ्यानं ते धुऊन शिजायलाही टाकावं. आमच्याकडे भांडी आता थोरला मुलगा घासतो. पहिले दोन रविवार कुरकुरला, आता कुरकुरत नाही.

तब्येतीचंही थोडं. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला असा, की तांबडं मांस आठवड्याला शिजलेलं 350 ते 500 ग्रॅमच्या वर नसावं. किलोभर मटण पाच जणांत वाटलं, हाड वजा केलं आणि शिजून आटलं, की ताटात शंभरेक ग्रॅमच येतं, त्यामुळे रविवारच्या मटणाची भीती बाळगायचं कारण नाही. वर तरंगणारा तेलाचा कट आणि मीठ यांना मात्र हात आखडा. युरिक ॲसिड किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

काळजी वेगळ्याच ठिकाणी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या 15 ते 49 वयाच्या 47.8 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपल्या घरात नळी धाकट्याला जाते, चाप पाहुण्याला, काळीज घरधन्याला. आणि ज्या बाईला त्या लोहाची सगळ्यांत जास्त गरज, ती तीन वाजता पातेल्याच्या तळाशी उरलेला रस्सा भाताबरोबर खाते. माझ्या आईला मी मटणाचा चांगला तुकडा तिच्याच ताटात घेताना कधी पाहिलं नाही.

तेव्हा या रविवारी 700 ग्रॅम मिक्स आणा, काट्यावरचं शून्य बघून घ्या, झालेला खर्च वहीत लिहा. आणि ताटं वाढायला घ्याल तेव्हा पहिलं ताट स्वयंपाक करणारीचं वाढा, काळजाचा तुकडा तिच्या ताटात ठेवा, आणि ती पंगतीत बसल्याशिवाय बाकीच्यांनी भाकरी मोडू नका.