धाकटीस, पहिल्या उत्खननाआधी

चि. धाकटीस,


परवा तुझ्या आईचा फोन आला. पुढच्या आठवड्यात तू पहिल्यांदा उत्खननाला निघालीस, तेही गोदावरीच्या खोऱ्यातल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीवर, हे ऐकून त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. फोनवर सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

गावात पोहोचलीस की आधी मातीशी ओळख करून घे. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडचे शेतकरी पांढर म्हणतात. शेत काळीत, गाव पांढरीत. कित्येक पिढ्यांची राख, शेण आणि पडलेल्या मातीच्या भिंती मिसळून ती माती फिकी आणि भुसभुशीत झालेली असते. खुरप्याला ती कुठे घट्ट लागते, कुठे मऊ, हे कामावरच्या बायांना तुझ्याआधी कळेल. जन्मभर त्यांचा हात मातीत असतो. "ताई, इथं माती पोकळ लागतीय" असं कुणी म्हणाली, तर हातातलं काम ठेवून तिच्याजवळ जा.

मी गेलो नव्हतो. माझा तिसरा हंगाम होता. एका बाईंनी मला दोनदा सांगितलं आणि मी दोन्ही वेळा म्हणालो, "चालू द्या." त्या दिवशी ताम्रपाषाणयुगीन थरातून लोखंडाचा एक तुकडा निघाला. त्या थरात लोखंड! मी हरखून गेलो, संध्याकाळी तंबूत सगळ्यांना दाखवत फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन खड्ड्यात उतरायच्या आत आम्ही चराच्या भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारला, आणि ओल्या मातीत एक तिरकी रेघ स्पष्ट उमटली. वरच्या, कितीतरी नंतरच्या काळातल्या लोकांनी खणलेला तो खड्डा होता. पांढरीत खणलेला आणि पांढरीनेच भरलेला, म्हणून खणताना मला दिसला नव्हता. दोन दिवसांत काढलेली सगळी खापरं दोन काळांची मिळून एकाच ढिगात पडली होती. ती कुठल्या थराची, हे आता कुणालाही सांगता येणार नव्हतं. मी प्रत्येक पिशवीवर 'मिश्र' असं लिहिलं. आजही तो शब्द दिसला की मला ती सकाळ आठवते.

खणलेली माती परत खणता येत नाही. म्हणून तिथे रोज घ्यायचा खरा निर्णय एकच असतो: हात कधी थांबवायचा.

तुला त्याची सगळ्यात मोठी परीक्षा द्यावी लागेल ती दफनकुंभांपाशी. ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे काळातले लोक लहान मुलांना घराच्या जमिनीखाली पुरत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत एवढंसं बाळ. घोड नदीकाठच्या इनामगावला अशी कितीतरी दफनं मिळाली. मडक्याचा काठ दिसला की तो उघडा करायला हात शिवशिवतील. थांब. आधी ज्या खड्ड्यात ती मडकी ठेवली, त्या खड्ड्याची कड शोध. ती कड घराच्या कुठल्या सारवणाला छेदून खाली गेली आहे आणि कुठलं सारवण तिच्यावरून अखंड गेलं आहे, ते बघ. खालचं सारवण फोडून बाळ पुरलं आणि वर नवं सारवण घातलं, म्हणजे त्या घरात माणसं पुढेही राहत होती. आपल्या बाळाच्या वर चूल पेटवत, निजत होती. मडकं घाईने उचललंस तर मडकं हाती येईल आणि ही सगळी हकिगत जाईल.

अशा वेळी कामावरच्या बायांपैकी कुणी हात जोडेल. तिचं होईपर्यंत तूही गप्प उभी राहा.

खोल जायचं की रुंद, हा वाद तुमच्या तंबूत होईलच. डॉ. सांकळियांच्या पिढीने जोर्वे, नेवासे अशा ठिकाणी कुठल्या संस्कृतीनंतर कुठली आली ते आधी लावून घेतलं. ते गरजेचंच होतं. पण 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी, इनामगावला आडवं, पसरून खणलं, तेव्हा घरं एकमेकांशेजारी दिसली. पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार, नदीचं पाणी वळवणारा पाट, आणि शेवटी शेवटी चौकोनी घरांच्या जागी आलेल्या गरीब गोल झोपड्या. अरुंद खड्ड्यातून हे कधीच उमगलं नसतं. माझा कल कायम रुंदीकडे. वरिष्ठ खोल म्हणाले तर खोल जा, पण तुझं मत वहीत लिहून ठेव.

वही रोज त्याच दिवशी लिही, जेवणाआधी. जे दिसलं ते आधी, जे वाटलं ते खाली, वेगळ्या परिच्छेदात. 'घर' लिहू नकोस; 'खांबांची आठ भोकं, गोलाकार' असं लिही. चूक झाली तर तीही लिही, खाडाखोड न करता. कोळसा बोटांनी उचलू नकोस, त्याच्यावर काळ ठरायचा असतो. मणी सापडला तर आजूबाजूला उंदराचं बीळ किंवा मातीची भेग आहे का ते बघितल्याशिवाय तो त्या थराचा म्हणू नकोस. दोन चरांमध्ये राखलेल्या बांधात एखादी सुंदर वस्तू अर्धी अडकलेली दिसेल. बांधाचा नकाशा काढून होईपर्यंत ती तशीच राहू दे. ऊन, पाणी, साप यांचं तुझी आई सांगेलच.

हंगामाच्या शेवटी खड्डे बुजवताना तळाशी प्लास्टिकचा कागद अंथरतात. पुन्हा कधी कुणी तिथे खणलं, तर आपण कुठवर गेलो होतो ते त्याला कळावं म्हणून. त्या दिवशी घरी निघायची घाई असते, पण तू थांबून तो कागद स्वतःच्या हाताने अंथर. त्याच्या खाली आणि चारही बाजूंना आपण हात न लावलेली पांढर असेल.

शिसपेन्सिली जास्त ने. पेन धुळीत बंद पडतं.

तुझा,
मामा