बास माशांसाठी शरद ऋतूत लेक फोर्कला

प्रश्न : आम्ही डॅलसला राहतो. ऑक्टोबरअखेर दहा आणि चौदा वर्षांच्या मुलांना घेऊन टेक्सासमधल्या लेक फोर्कवर बास पकडायला जायचं आहे. कशी तयारी करावी?

उत्तर : वेळ उत्तम निवडलीत. पाणी थंड होऊ लागलं की शॅड या छोट्या माशांचे थवे तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या फाट्यांत शिरतात आणि बास त्यांच्या मागे जातात. म्हणून खोल मध्यभाग सोडून फाट्यांत शोधा. पृष्ठभागावर शॅड उसळताना दिसले की गळ तिथेच टाका. सकाळी स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या पात्याचं कृत्रिम आमिष, चांगलं चालतं. ऊन चढल्यावर बुडालेल्या झाडांलगत प्लॅस्टिकचं गांडूळ हळूहळू ओढा. मुलं कंटाळली तर काठावर साधा गळ आणि खरं गांडूळ द्या. सनफिश लवकर लागतात, उत्साह टिकतो.

मासेमारीचा परवाना तुम्हा दोघांना लागेल, सतरा वर्षांखालच्या मुलांना नाही. या तलावात १६ ते २४ इंचांमधला लार्जमाउथ बास परत सोडावाच लागतो. हा नियम मनापासून पाळा, कारण मोठे मासे त्यामुळेच टिकतात. राज्याचा विक्रमी, १८.१८ पौंडांचा बास १९९२ मध्ये इथेच मिळाला. सोडताना हात ओले करा, पोटाला आधार द्या.

पाण्यात वठलेली झाडं उभी आहेत, बोट सावकाश चालवा. धाकट्याला लाइफ जॅकेट कायद्याने सक्तीचं आहे, चौघांनीही घालाच.