हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी : नळी न घालता



उसाची मोळी उचलताना छातीत दडपते, जरा थांबले की बरे वाटते. आपण म्हणतो, "पित्त झालंय," आणि सोडा पिऊन पुन्हा कामाला लागतो. पण हृदयाला रक्त कमी पडत असल्याची ही खूण असू शकते. साधा ई.सी.जी. चांगला आला, एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या म्हणजे आपल्या शेतातल्या चाऱ्याच. त्यांत चरबीचा व चुन्याचा थर साचला की वाट अरुंद होते. हिवाळ्यात पाण्याची गरज कमी, म्हणून अर्धी बुजलेली चारीही चालून जाते. उन्हाळ्यात मात्र पिकाला ताण बसतो. तसेच, पडून असताना काढलेल्या ई.सी.जी.त दोष न दिसणे शक्य आहे. म्हणून डॉक्टर पुढची तपासणी सांगतात. ती दोन प्रकारची असते.

१) चारीत गाळ किती? हे सी.टी. अँजिओग्राफीत दिसते. हाताच्या शिरेतून औषध सोडून क्ष-किरणांनी चित्रे घेतात. मूत्रपिंडाचा विकार वा औषधाची अ‍ॅलर्जी असल्यास आधी सांगावे. नुसत्या कॅल्शियम स्कोअरमध्ये चुना मोजतात. तो शून्य आला तरी मऊ थर असू शकतो.

२) शेवटच्या सरीला पाणी पोचते का? यासाठी चालवून किंवा औषध देऊन हृदयावर ताण देतात व चित्र घेतात. स्ट्रेस एको ध्वनिलहरींवर चालते, त्यात किरण नाहीत. थॅलियम वा टेक्नेशियमच्या तपासणीत अल्प किरणोत्सर्गी औषध टोचतात. एम.आर.आय.ला लोहचुंबक असते. पेसमेकर असल्यास आधीच सांगावे.

पूर्वी स्टेंट वा बायपास झाला असेल, तर बहुधा दुसऱ्या प्रकारची तपासणी सोयीची. निवड डॉक्टरांनी करायची, आपण एवढेच विचारावे, "यातून काय कळणार, आणि त्याने उपचार बदलणार का?"

याचा उपयोग होतो का? स्कॉटलंडमधील ४,१४६ रुग्णांच्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या तपासणीला सी.टी.ची जोड मिळालेल्या गटात हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका यांचे प्रमाण २.३ टक्के, तर इतरांत ३.९ टक्के होते. नुसत्या फोटोने माणूस वाचत नाही. फोटो पाहून योग्य औषधे सुरू होतात आणि ती नेमाने घ्यावी लागतात.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. बसल्या जागी छाती दुखू लागली, घाम फुटला, कळ हातात वा जबड्यात गेली, तर स्कॅनची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठा. मधुमेह असलेल्यांना आणि स्त्रियांना कधी कधी नुसतीच धाप लागते, तीही अंगावर काढू नये.