वाऱ्याची वीज आणि शेजाऱ्याचा हक्क

आपल्या धाराशिव जिल्ह्यात वाशी, भूम, कळंब या बाजूंनी प्रवास करणाऱ्यास बालाघाटाच्या माळांवर आता उंच पांढरे मनोरे दिसू लागले आहेत. ज्या वाऱ्याने आजवर खळ्यावर धान्य उफणले, तोच वारा आता वीज निर्माण करीत आहे. ही गोष्ट आनंदाची आहे यात शंका नाही. कोळसा जाळावा लागत नाही, धूर होत नाही, आणि अवर्षणाच्या मुलुखास याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी लागत नाही. तथापि या मनोऱ्यांच्या सावलीत राहणाऱ्या लोकांचा विचार कोणी व केव्हा करावयाचा, हा प्रश्न विजेच्या प्रश्नाहून लहान नाही. आणि आमचे विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांचीच मुले असल्यामुळे तो येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती दुप्पट होत नसून आठपट होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच मनोरे उंच बांधतात. जमिनीलगत झाडे, घरे, टेकड्या वाऱ्यास अडवितात, वर तो मोकळा व वेगवान असतो. सांप्रत तीन मेगावॅटच्या एका प्रकारच्या यंत्राचा मनोरा 140 मीटर उंच आणि पात्यांच्या वर्तुळाचा व्यास 144 मीटर असतो. पाते सरळ उभे राहिले म्हणजे त्याचे टोक 212 मीटरांवर जाते, म्हणजे जवळजवळ तीन कुतुबमिनार एकावर एक ठेवावेत इतके. दुरून ही पाती आळसावलेली भासतात. परंतु मिनिटास दहा फेरे धरून विद्यार्थ्यांनी स्वतः गणित करून पाहावे: टोकाचा वेग तासास सुमारे 270 किलोमीटर भरतो. त्या वेगाने हवा कापली जात असताना जो घोंघाट होतो, तो दिवसाच्या गडबडीत जाणवत नाही; रात्री गाव निजले म्हणजे जाणवतो.

वाऱ्याचा दुसरा स्वभाव असा की तो बोलाविल्या वेळी येत नाही. जून ते ऑगस्ट या महिन्यांत तो उधळलेला असतो, पुढे मंदावतो. म्हणून विजेच्या साठ्याची आवश्यकता. याविषयीचा एक जुना प्रयोग शाळेतच झाला होता, हे वाचून बालवाचकांस मौज वाटेल. डेन्मार्क देशातील आस्कोव येथील लोकशाळेचे शिक्षक पॉल ला कूर यांनी 1891 साली पवनचक्कीपासून वीज तयार केली. ती साठवावी कशी? त्यांनी त्या विजेने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन वायू साठविला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. मात्र त्या वायूत थोडा ऑक्सिजन मिसळून स्फोट होत, आणि शाळेच्या खिडक्यांच्या काचा पुन्हा पुन्हा बसवाव्या लागत. साठा म्हटला की त्यास धोका लागूनच येतो.

आज हेच काम लिथियमच्या बॅटऱ्या करतात. मोठमोठ्या लोखंडी पेट्यांतून त्या रचून ठेवितात. दिल्लीत रोहिणी येथे 10 मेगावॅटची अशी बॅटरी 2019 साली सुरू झाली. या बॅटऱ्या बहुधा काही तासांपुरतीच वीज धरून ठेवितात, हे ध्यानी असावे. दुपारची वीज संध्याकाळी मिळते, परंतु आषाढातला वारा मार्गशीर्षासाठी त्यांत ठेविता येत नाही. या पेट्यांत एखादा घट बिघडून तापला, तर त्याची उष्णता शेजारच्या घटास तापविते आणि आग एकातून दुसऱ्यात पसरते. ती पाण्याने सहज विझत नाही, आणि तिच्यातून विषारी व स्फोटक वायू निघतात. एप्रिल 2019 मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात अशा एका पेटीघराचे दार उघडताच स्फोट होऊन अग्निशामक दलाचे जवान जबर जखमी झाले. जानेवारी 2025 मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथे आग लागून हजाराहून अधिक लोकांस घरे सोडावी लागली. तेथे बॅटऱ्या एकाच इमारतीत दाटीने ठेविलेल्या होत्या. पेट्यांमध्ये अंतर राखणे, वस्तीपासून दूर जागा निवडणे, वायू बाहेर जाण्यास वाट ठेवणे हे उपाय आता माहीत झाले आहेत. राहिला प्रश्न असा की तालुक्याचा बंब तेथवर किती वेळात पोहोचेल, आणि त्यावरील माणसांस ही आग कशी हाताळावी याचे शिक्षण कोणी दिले आहे काय? हा प्रश्न ग्रामपंचायतीने पेट्या येण्यापूर्वी विचारावयाचा आहे.

अंतराविषयी नियम आहेत. केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर 2016 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे राहत्या घरापासून 500 मीटरांच्या आत पवनचक्की उभारू नये. रस्ता, रेल्वे, इमारती यांपासूनचे अंतर मनोऱ्याची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाचा अर्धा व्यास, अधिक 5 मीटर असावे; वरील यंत्रास ते 217 मीटर येते. हे मोजावयास कोणी मोठा अधिकारी लागत नाही. पायाच्या मजबुतीविषयीही तसेच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे ज्या जिल्ह्यातील सास्तूरसारखे गाव जमीनदोस्त झाले, तेथे असा प्रश्न करणाऱ्यास भित्रा म्हणणे शोभत नाही.

परंतु आमच्या मते खरी अडचण यंत्राची नसून हिशेबाची आहे. ज्याच्या सातबाऱ्यावर मनोऱ्याची जागा आहे, त्यास मोबदला मिळतो. ज्याच्या बांधावरून अवजड वाहनांचा रस्ता जातो, ज्याच्या शेतावरून तारा जातात, त्यास कमी मिळतो, कधी भांडूनच मिळतो. आणि ज्याच्या नावे सातबाराच नाही, त्याचे काय? सरकारी कागदांत ‘पडीक’ म्हणून लिहिलेल्या माळावर उस्मानाबादी शेळ्यांचे कळप चरतात. कित्येक भूमिहीन घरांचा संसार त्या शेळ्यांवर चालतो. माळ ओसाड असतो तो केवळ कागदावर.

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील वनकुसवडे येथील पठारावर सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी पवनचक्क्यांची मोठी रांग उभी राहिली. जमिनी स्वस्तात दलालांच्या हाती गेल्याची तक्रार त्या पठारांवर पुढे दीर्घकाळ ऐकू येत राहिली. दलालास अंधार लागतो. एका शेतकऱ्यास काय भाव दिला हे दुसऱ्यास कळू नये, यावरच त्याची कमाई; आणि जेथे असा अंधार व पैसा एकत्र येतात, तेथे दंडेलीही येते. शेजारच्या बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी अपहरण करून हत्या झाली. एका पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी हिचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे. खटल्यावर भाष्य करणे आमचे काम नव्हे. पण हे घर आपल्या सीमेपासून दूर नाही, एवढे पालकांनी ध्यानात घ्यावे.

डेन्मार्कमध्ये याच हिशेबावर एक उपाय योजिला गेला. 2009 च्या कायद्याने नवीन पवनचक्क्यांच्या मालकीचा निदान पाचवा हिस्सा साडेचार किलोमीटरांच्या आतील रहिवाशांस विकत घेण्यास देऊ करणे बंधनकारक केले होते. 2020 साली त्या जागी दुसरी योजना आली, जीत शेजाऱ्यांस दरवर्षी रक्कम मिळते. आमच्याकडील शेतकऱ्यास भाग विकत घेण्याइतके भांडवल कोठले? म्हणून दुसरी रीत आम्हांस अधिक सोयीची वाटते: वार्षिक रक्कम, आणि तीही केवळ जागामालकास नव्हे, तर ठराविक अंतरातील प्रत्येक घरास.

त्यापूर्वी करावयाचे काम याहून साधे आहे. करार मराठीत असावा. तो ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. भाव सर्वांस ठाऊक असावा. कुलमुखत्यारपत्रावर सही करण्यापूर्वी घरातील शिकलेल्या मुलाने अथवा मुलीने ते दोनदा वाचून वडिलांस समजावून सांगावे. इंग्रजी कागद असेल तर शाळेत घेऊन यावा. आम्ही तो आनंदाने वाचून दाखवू.

वाचताना एक कलम विशेष शोधावे. पवनचक्कीचे आयुष्य साधारण वीस ते पंचवीस वर्षांचे धरतात. पुढे ती उतरविणे, शेकडो घनमीटर काँक्रीटचा पाया काढणे किंवा मातीखाली घालणे, काचतंतूची पाती हलविणे, हा खर्च कोणाचा, आणि ती रक्कम आजच कोठे अनामत ठेविली आहे? आज ज्यांच्या सह्या होत आहेत ते त्या वेळी वृद्ध झालेले असतील, कंपनीचे नावही कदाचित बदललेले असेल. तो मनोरा ज्यांच्या शेतात उभा असेल, ती मुले आज आमच्या सातवीच्या वर्गात बसत आहेत.