करंजेल आणि मालमोटार

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे शहर यंत्रमागांच्या खडखडाटासाठी सर्वश्रुत आहे. अलीकडच्या काळात त्याच्या भोवती मोठमोठी गोदामे उभी राहिली आणि त्यांच्या दारांशी रात्रंदिवस मालमोटारींच्या रांगा लागू लागल्या. या मोटारी डिझेल जाळतात. त्यांच्या धुरातील काजळी रस्त्याकडेच्या पानांवर बसते, तशीच ती माणसांच्या फुप्फुसांतही शिरते. नवल असे, की या इंधनाला पर्याय ठरू शकेल असे तेल देणारा एक वृक्ष कोकणच्या ओढ्याकाठी पिढ्यान् पिढ्या उभा आहे. तो वृक्ष म्हणजे करंज.

करंजाच्या चपट्या शेंगेत बहुधा एकच बी असते. बियांच्या वजनाच्या सुमारे चतुर्थांश ते तृतीयांश इतके तेल निघते. त्यास करंजेल म्हणतात. ते कडू असल्यामुळे खाण्याच्या उपयोगी नाही. वीज नव्हती त्या काळी खेड्यापाड्यांतून त्याचे दिवे तेवत आणि पेंड खत म्हणून शेतात पडे.

वनस्पतींच्या तेलावर इंजिन चालते, ही गोष्ट आजची नव्हे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने शोधलेले इंजिन १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले होते. परंतु असे तेल दाट असते. बारीक छिद्रातून त्याचा फवारा नीट उडत नाही आणि इंजिनात राळेसारखा थर साचतो. म्हणून कारखान्यात तेलात मिथेनॉल हा विषारी मद्यार्क व थोडा कॉस्टिक सोडा मिसळून ते मिश्रण ऊन ठेवून ढवळतात. जड ग्लिसरीन तळाशी बसते. वर तरंगणारा पातळ, पिवळसर द्रव हेच बायोडिझेल. १०० किलो तेलापासून जवळजवळ तितकेच बायोडिझेल मिळते.

यात गंधक जवळजवळ नसते. त्याच्या घटकांत प्राणवायू असल्यामुळे ते अधिक पूर्णपणे जळते व काजळी कमी होते. शिवाय त्यातील बहुतेक कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी गाडी शेकडा ५ बायोडिझेल मिसळलेल्या इंधनावर धावली, तेव्हा पुष्कळांना वाटले की प्रश्न सुटला.

तो सुटला नाही. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या विस्तृत लागवडीची शिफारस केली. हे झुडूप पडीक जमिनीवर, पाण्यावाचूनही भरपूर बी देईल अशी आशा होती. झुडपे जगली, बी मात्र बेताचेच आले, आणि अनेक शेतकऱ्यांनी तो नाद सोडला. पाणी आणि खत द्यावे, तर त्याच पाण्यावर ज्वारी का पिकवू नये? भुईमूग किंवा सोयाबीनचे तेल इंजिनात ओतावे, तर भारत आपल्या खाद्यतेलाचा अर्ध्याहून अधिक भाग परदेशांतून आणतो. चुलीपुढे इंजिनाचा मान पहिला, असे कोण म्हणेल?

मग तेल आणावे कोठून? एक उत्तर कढईत सापडले. तेच तेल पुनःपुन्हा तापविले की त्यात अपायकारक द्रव्ये वाढतात. अशा विशिष्ट द्रव्यांचे प्रमाण शेकडा २५ हून अधिक झाल्यास ते तेल तळणासाठी वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. असे टाकाऊ तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करता येते. त्याकरिता एक गुंठाही जमीन लागत नाही. अडचण असते ती गोळा करण्याची. उपाहारगृहांतून थोडे थोडे उरणारे हे तेल मोरीत ओतले जाते, किंवा स्वस्त म्हणून दुसऱ्याच कढईत जाते. डिझेलमध्ये शेकडा ५ बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट सरकारने २०३० सालासाठी ठेवले आहे. प्रत्यक्षातील प्रमाण अद्याप त्याहून पुष्कळच कमी आहे.